चौथा तुकडा

अण्णा, तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. काल मोठी भट्टी मी एकटीनं लावली, आज सकाळी बंद केली, आणि आता ती थंड होईपर्यंत पंपाजवळ बसून हे लिहिते आहे. बसायला तुमचंच स्टूल घेतलंय. त्याचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठ्याची घडी घालूनही ते डुगडुगतं. आम्ही सगळे समजत होतो, पाय दुखतो म्हणून तुम्ही सारखे हलता. दुसरं स्टूल मागायचं होतंत की! पण नाही. मागणीपत्र म्हटलं की स्टोअरकीपर आला, आणि स्टोअरकीपरशी तुमचा अबोला.

शोकसभेत साहेबांनी तुम्हाला ‘मनमिळाऊ’ म्हटलं. मी मागच्या रांगेत होते. मला हसू आलं, आणि ते तुम्हाला दाखवायला मी शेजारी वळले. इतकी वर्षं अशा वेळी मी तुमच्याकडेच बघत आले आहे. शेजारच्या खुर्चीवर कुणाची तरी छत्री होती. तुम्ही गेलात हे मला बातमीनं नाही, त्या छत्रीनं कळलं.

मी रागावले आहे तुमच्यावर. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग होतात तेव्हा तरी रागवायची सोय ठेवायची होती! आता सगळं पहिल्यापासून सांगते, आणि मध्ये बोलू नका. एकदा तरी माझं वाक्य पुरं होऊ द्या.

पुण्याहून बी.एस्सी. होऊन मी बंगळूरला आले तेव्हा आईला आणि मला मल्लेश्वरमात दोन खोल्या मिळाल्या, आणि मला या प्रयोगशाळेत सहा-सहा महिन्यांची टेंपररी नोकरी. साहेब मला ग्रंथालयात बसवणार होते. म्हणाले, “भट्टीवर बाई नको. लेडीज स्टाफनं साडेपाचला बाहेर पडायचं असा नियम आहे. भट्टी काय घड्याळ बघून थंड होते?” तुम्ही दारात उभे होतात, कोपरापर्यंत धातूची भुकटी लागलेली. “भट्टीला काय कळतंय हो साहेब, बाई आहे की बाप्या? द्या माझ्याकडं.” तुमचं ते निपाणीचं मराठी ऐकून मला वाटलं, हा गृहस्थ भांडायला आलाय. पुढे कळलं की प्रेमानं बोलतानाही तुमचा सूर तोच.

“चूक झाली तर तुमच्यावर येईल,” साहेब म्हणाले.

“सरी,” तुम्ही म्हणालात. ठीक आहे, एवढंच. इथल्या भाजीवाल्याला म्हणतात तसं. त्या एका शब्दावर माझी नोकरी उभी राहिली.

तुमच्या पायाचं मला पहिल्या थंडीत कळलं. गार वारं सुटलं की तुम्ही उजवी मांडी दाबत बसायचात. तरुणपणी सायकलवरून जाताना लॉरीनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी त्यावर स्टीलची पट्टी स्क्रूनं बसवली. ते स्क्रू सैल व्हायचे. दोनदा पाय उघडून ते पुन्हा आवळले. “दहा वर्षं झाली बघ,” तुम्ही म्हणायचात, “पण हाड काय तिला आपलं म्हणत नाही. भाडेकरू आहे ती माझ्या पायात.” मी म्हटलं, भाडेकरू निदान भाडं तरी देतो. तुम्ही इतके हसलात की पाय धरून खाली बसलात.

आणि डोक्यात तुमच्या तेच भरलेलं. हाड ज्याला धरून ठेवील असा धातू करायचा. टायटॅनियम हलका, गंजत नाही, शरीर त्याच्याशी वैर करत नाही. पण गुळगुळीत तुकड्याला हाड धरणार कुठं? त्याला आरपार बारीक भोकं हवीत, एकातून दुसऱ्यात उघडणारी, म्हणजे हाड वाढत वाढत आत शिरेल. मी विचारलं, धातूला इतकी भोकं पाडणार कशी?

“अनारसे केलीस का ग कधी? जाळी काय कोण सुई घेऊन पाडतंय?”

युक्ती कापराची होती. टायटॅनियमच्या भुकटीत कापराचे कण मिसळायचे, साच्यात दाबून वडी करायची, आणि हलक्या उष्णतेवर कापूर उडवून लावायचा. राख नाही, काजळी नाही. जिथं कण होता तिथं भोक. मग ती वडी हवा काढलेल्या भट्टीत ठेवून, वितळू न देता इतकी तापवायची की भुकटीचे कण एकमेकांना घट्ट चिकटतील. तुम्ही कापराचं मागणीपत्र पाठवलंत आणि स्टोअरकीपरनं त्यावर शेरा मारला की आयुधपूजेला अजून चार महिने अवकाश आहे. अबोला सुरू झाला तो तिथून. मग दर मंगळवारी तुम्ही बस बदलून गावाबाहेर बनशंकरीच्या देवळापर्यंत जायचात आणि तिथल्या दुकानातून पत्र्याच्या डब्यात कापूर भरून आणायचात. शांतावहिनींना वाटलं, आपला माणूस देवाधर्माला लागला. त्यांनी शेजारच्या अक्कांना कौतुकानं सांगितलंही होतं.

भोकं केवढी असावीत यावर आपण दोन वर्षं भांडलो. मी म्हणायचे बारीक, नाहीतर तुकडा भार सोसणार नाही. तुम्ही म्हणायचात मोठी. “रक्त आत शिरलं पाहिजे ग. हाडाला राहायला घर दे, नुसती खिडकी काय दाखवतीस?” मी गणित मांडायला लागले की तुम्ही माझी स्लाइड रूल उचलून खिशात टाकायचात. या भांडणात मी हरले असं मी अजून मानत नाही. जिंकलेही नाही. ते तसंच राहिलं, आणि ते पुढे चालवायला मला तुम्हीच पाहिजे आहात, दुसरं कुणी चालणार नाही.

आता तो शनिवार.

चीनच्या लढाईनंतरचं वर्ष होतं. बाहेरून येणारा माल आटला होता, भुकटीचा डबा अर्ध्यावर आला होता. हाडांचे एक मोठे डॉक्टर सोमवारी येणार होते. तुकड्यांनी भार सोसला तर ते पुढे जनावरांच्या हाडात बसवून बघायचं त्यांनी कबूल केलं होतं. चार वड्या भट्टीत होत्या. सकाळी भट्टी बंद केली. दुपारी तुमचा पाय इतका सुजला की मीच तुम्हाला घरी जा म्हटलं. जाताना तुम्ही बजावलंत, “पंप चालू ठेव, उठू नको. उष्णतेचा काटा शंभराखाली आल्याबिगर कॉकला हात लावायचा नाही. साडेपाचला वॉचमनला बसव आणि जा.”

भट्टीतली हवा ओढणारा पंप चालू असेपर्यंत माणूस जवळ लागतो. आणि पंप बंद करायचा तर कॉक उघडून भट्टीत हवा सोडावीच लागते, नाहीतर पंपाचं तेल उलटं आत येतं. हे तुम्हीच शिकवलेलं.

त्या दिवशी चार वाजता मला बघायला माणसं येणार होती. पुण्याची. मी हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही सुजलेला पाय बाकावर टाकून बसून राहिला असतात. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर ते साहेबांच्या कानावर गेलं असतं, आणि साहेब म्हणाले असते, बघा, म्हणून बायका नकोत. मला वाटलं होतं, अडीचपर्यंत काटा खाली येईल. अडीच वाजले. काटा पाचशेच्या वर. मी त्याच्याकडे बघत बसले, तो मेला हलेना. तिकडे आईनं पोह्यांवर घालायला खोबरं खवून ठेवलं असेल, दहा वेळा दारात येऊन गेली असेल. मी पंप बंद केला आणि कॉक उघडला. हवा आत शिरतानाचा तो सुस्कारा माझ्या कानातून अजून गेलेला नाही. लॉगबुकात लिहिलं, ‘काटा नव्वद’. झाकण तसंच ठेवलं, घरी जाऊन साडी बदलली, पोहे दिले.

मुलाच्या आईनं माझे हात बघितले. नखांच्या कडेला भुकटीची करडी रेघ होती, ती साबणानं जात नाही. महिन्याभरानं नकार आला.

तापलेल्या टायटॅनियमला हवा लागली की तो ती शोषून घेतो आणि ठिसूळ होतो. आणि ते लपत नाही. रंग चढतो. आधी पिवळसर, मग निळा. भट्टीवरच्या माणसाला नुसता रंग बघून सगळी हकिकत कळते. सोमवारी साडेआठला धावत आले, तर तुम्ही माझ्या आधी. टेबलावर तीन तुकडे ठेवलेले. स्वच्छ, करडे. माझा जीव भांड्यात पडला.

“चौथा?” मी विचारलं.

“काढताना फुटला ग. लिही तसं.”

मी लिहिलं. ‘चौथा तुकडा, काढताना फुटला.’ तुमच्या बोटांना करडी धूळ होती, ती मला दिसली. पण भट्टीवाल्याची बोटं कधी स्वच्छ असतात?

तिन्ही तुकडे अर्ध्या भारालाच खडीसाखरेसारखे तुटले. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. साहेबांनी कारण विचारलं. अण्णा, मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण तुम्ही माझ्या आधी बोललात. “कापरात भेसळ असणार, साहेब. देवळापुढचा माल. चूक माझी.” आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. अहवालात तेच गेलं. काम बंद झालं. उरलेली भुकटी कपाटात गेली, आणि तुम्हाला पंख्याच्या आसाभोवती बसणाऱ्या बुशी करायला बसवलं. त्याही जाळीदारच, काशाच्या, तेल धरून ठेवणाऱ्या. हाडांसाठी शिकलेली सगळी विद्या तुम्ही पाच वर्षं पंख्यांना दिलीत. मला पुढच्या वर्षी कायम केलं.

पाच वर्षं मी स्वतःला समजावत आले की रंग नव्हता. रंग नव्हता म्हणजे हवा बाधली नसेल, म्हणजे दोष खरंच कापराचा असेल. तेवढ्या एका आधारावर मी रोज सकाळी तुमच्यासमोर उभी राहत होते.

एकदाच धीर केला. आई गेल्यावर वहिनी मला दर रविवारी जेवायला बोलवायच्या, तेव्हाची गोष्ट. मी म्हटलं, “अण्णा, त्या शनिवारी भट्टी...” तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, “सरी ग, सरी. आमटी घे.” वहिनी म्हणाल्या, “अहो, बोलू दे की तिला.” तर तुम्ही म्हणे, मीठ स्वल्प कमी पडलंय! वहिनी चिडल्या आणि विषय मिठावर गेला. मला वाटलं, तुम्हाला त्या कामाची आठवणच नको आहे. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं मला. आमटी दोनदा घेतली.

दहावा झाल्यावर वहिनींनी बोलावलं. अस्थी श्रीरंगपट्टणला नदीत सोडून आल्या होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. “हे राखेत मिळालं बघ. भटजी म्हणाले, हे नदीत टाकू नका. मी काय करू ग याचं?” तुमची पट्टी होती. सोबत सहा स्क्रू. मी ती उलटीपालटी करून पाहिली, कामाच्या वस्तूकडे पाहावं तशी. हाडाचा एक कणसुद्धा तिला धरलेला नव्हता. इतकी वर्षं तुमच्या अंगात राहून ती जशी आली तशीच बाहेर पडली होती. मी ती मागून घेतली. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

“आणि हा डबा,” वहिनी म्हणाल्या. “याला कापराचा वास येतोय, म्हणजे तुमच्या कामातलाच असणार.”

झाकण गंजून बसलं होतं, चमच्याच्या दांड्यानं उघडलं. आत फडकं. फडक्यात पॉलिशपेपरचा घासून घासून गुळगुळीत झालेला तुकडा, चार घड्या घातलेला. आणि चौथी वडी. अख्खी. निळीभोर, कडेला सोनेरी.

“चांगलं दिसतंय की ग,” वहिनी म्हणाल्या. “कसलं आहे ते?”

मी मान खाली घालून वडी परत फडक्यात गुंडाळायला लागले. त्यांना वाटलं, तुमची आठवण आली. त्यांनी मला जवळ घेतलं, आणि त्या स्वतः रडायला लागल्या, आणि मी मात्र तुमच्यावर दात-ओठ खात होते.

कोणी सांगितलं होतं तुम्हाला? सोमवारी उजाडताच, सुजल्या पायानं येऊन, तुम्ही तीन तुकड्यांवरचा रंग घासून काढलात. ते तसेच निळे टेबलावर ठेवले असतेत तर साहेबांना एका नजरेत कळलं असतं की दोष कॉक उघडणाऱ्या हाताचा, तुमच्या युक्तीचा नाही. पुन्हा एक भट्टी लागली असती. भुकटी होती तेवढी. तुमचं काम जगलं असतं. आणि मी मंगळवारी घरी बसले असते. हे दोन्ही तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही निवड केलीत. मला न विचारता! तुमची मांडी, तुमची दहा वर्षं, तुमचं नाव एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला कोण मी? सहा महिन्यांच्या बोलीवर आलेली एक मुलगी, जिनं तुमचं ऐकलं नाही.

आणि मग चौथा का ठेवलात? मला कधीतरी दाखवायला? की कापूर चोख होता, हे निदान स्वतःला तरी ठाऊक असावं म्हणून? एवढं एक सांगायला हवं होतं, अण्णा. मी तुकडा समोर ठेवून विचारते. घरात उत्तर द्यायला कुणी नाही. आई गेल्यापासून मी स्वयंपाकघरात एकटीच बोलते. आधी निदान सोमवारी येऊन तुमच्याशी भांडता यायचं.

हेही सांगून टाकते. माझ्यासाठी आजवर कुणी एवढं केलेलं नाही. ना सख्ख्यांनी, ना मला बघायला आलेल्यांनी. हे मी तोंडावर बोलले असते तर तुम्ही लगेच आमटी मागितली असतीत.

बुधवारी मी तुकडा साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला. “याला हवा लागली आहे.”

“हो. मी पाचशेच्या वर कॉक उघडला होता. चारही तुकड्यांना लागली. तिन्हींचा रंग अण्णांनी घासून काढला.”

“का उघडला होतात?”

“मला बघायला माणसं येणार होती.”

पाच वर्षं वागवलेलं वाक्य. बोलून व्हायला किती वेळ लागला म्हणता? काहीच नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला. “म्हणूनच मी तेव्हा म्हणत होतो, बाईला...” आणि ते थांबले. पाच वर्षं त्यांची प्रत्येक भट्टी मीच लावते आणि मीच उघडते, हे त्यांना आठवलं असावं. “लेखी द्या सगळं,” ते म्हणाले. “तुमच्या फाइलला लागेल. बढतीचं आता विसरा.”

“सरी,” मी म्हटलं. तुमचा शब्द, आपोआप तोंडात आला. मग मी म्हणाले, “कपाटात भुकटी उरली आहे. चार वड्या होतील.” साहेबांनी तो निळा तुकडा उलटून त्याची सोनेरी कड बघितली. म्हणाले, “एकच भट्टी. आणि जुन्या अहवालातला भेसळीचा शेरा मी माझ्या हातानं खोडतो.”

पुढच्या मंगळवारी बनशंकरीला गेले. दुकानदारानं डबा ओळखला. “अण्णावरु बरलिल्लवा?” तुम्ही का आला नाहीत, विचारत होता. मी नुसती मान हलवली. त्यानं डबा भरला, वर आणखी मूठभर घातला. बसमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारी होती, तिनं कापराच्या वासाला हात जोडले.

वड्या चार केल्या आहेत. दोन तुमच्या मोठ्या भोकांच्या, दोन माझ्या बारीक. मी काही लगेच तुमचं मान्य करणार नाही.

वॉचमन आत्ताच येऊन गेला. “टैम आयतु, अम्मा.” वेळ झाली. साडेपाच. मी म्हटलं, स्वल्प थांब, मी बसणार आहे आज. घरी कुणी वाट बघत नाही, मला बघायला कुणी येणार नाही. काटा दोनशेवर आहे. बसल्या बसल्या जुनं लॉगबुक काढून तो शनिवार उघडला. ‘काटा नव्वद’ खोडून ‘पाचशेच्या वर’ लिहिलं. त्याखाली सोमवारचं ‘चौथा तुकडा, काढताना फुटला’ हेही खोडलं आणि लिहिलं, ‘फुटला नव्हता.’ दोन्हीकडे सही केली, पूर्ण नावानिशी.

स्टूल डुगडुगतंय. पंप चालू आहे. कॉकला मी हात लावलेला नाही, अण्णा.